एका तळ्याची दोन गावं

प्रश्न : माझी नात कॅनडात क्युबेक प्रांतातल्या रुएँ-नोरांडा इथे शिकायला गेली आहे. ती सांगते, तळ्याच्या एका अंगाला कितीतरी रस्त्यांना नुसते आकडे आहेत, दुसऱ्या अंगाला नावं. एकाच गावाला ही दोन नावं कशी? सर, तुम्ही तांब्याच्या धंद्यात होतात, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, नोरांडा हे नाव मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकत आलो. खनिज सलग वितळवणारी एक भट्टी आहे, तिला जगभर ‘नोरांडा रिॲक्टर’ म्हणतात. ती सत्तरच्या दशकात तिथेच घडली. रुएँचं नाव मात्र मी कामानिमित्त तिथे एक हिवाळा काढला तेव्हाच नीट कानावर पडलं. पहिल्याच दिवशी माझ्या घरमालकीण बाईंनी बजावलं, “काम नोरांडात करा, पण राहता तुम्ही रुएँत, हे विसरू नका.” तुमच्या नातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

एडमंड हॉर्न हा खनिजं शोधणारा माणूस ओसिस्को तळ्याकाठी वर्षानुवर्षं येत राहिला आणि अखेर त्याला तिथे तांबं आणि सोनं सापडलं. खाण काढणाऱ्या कंपनीने तळ्याच्या एका अंगाला स्वतःचं गाव आखलं: सरळ रेषेत रस्ते, त्यांना आकडे. ‘नॉर्थ’ आणि ‘कॅनडा’ जोडून त्याचं नाव केलं नोरांडा. कंपनीचे अध्यक्ष जेम्स मर्डॉक हेच तिथले पहिले महापौर. कारभार इंग्रजीत.

शेजारच्या काठावर मात्र कुणी काही आखलं नव्हतं. खाणीची बातमी ऐकून फ्रेंच बोलणारी माणसं होड्यांतून, कॅनोतून आली आणि ओंडक्यांच्या झोपड्या बांधून राहिली. ते रुएँ. हे नाव अठराव्या शतकात फ्रान्सच्या बाजूने इथे लढलेल्या एका कप्तानाचं आहे. दुमुलाँ कुटुंबाचं किराणा दुकान तळ्याकाठी होतं आणि टपालही तिथेच यायचं. १९२६ साली दोन्ही वस्त्यांना वेगवेगळ्या नगरपालिका मिळाल्या आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये, भट्टी पेटली.

पण तळ्याच्या दोन काठांवर इंग्रज आणि फ्रेंच, एवढ्यावर ही गोष्ट थांबवली तर तिसऱ्याच माणसांवर अन्याय होतो. सुरुवातीला जमिनीखाली उतरणारे बरेचसे फिनलंड, युक्रेन, पोलंड, युगोस्लाव्हिया इथून आलेले होते. ‘फॉरेनर’ शब्दाचा तुकडा पाडून त्यांना ‘फ्रो’ म्हणत. जून १९३४ मध्ये त्यांनी आठ तासांचा दिवस, पगारवाढ आणि संघटनेला मान्यता मागत संप केला. जेमतेम दहा दिवसांत तो मोडला. कित्येकांना कामावर परत घेतलं नाही, काहींना देशाबाहेर घालवलं. त्यांच्या जागी कंपनीने फ्रेंच कॅनेडियन माणसं भरली. खाण फ्रेंच बोलायला लागली ती अशी, दुसऱ्यांच्या हरण्यातून. हे मला तिथल्याच म्हाताऱ्या खाणकामगारांनी सांगितलं आणि सांगताना त्यांनी आपल्या वडिलांनाही त्यातून वगळलं नाही. त्या माणसांबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

हॉर्न खाण १९७६ साली बंद झाली. भट्टी चालूच राहिली. आज ती बाहेरचं खनिज वितळवते, जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधलं तांबंही काढते. दोन्ही पालिका १९८६ मध्ये एक झाल्या. जोडनावात रुएँ आधी आलं, याचा माझ्या घरमालकीण बाईंना मनापासून आनंद होता.

नातीला एक गोष्ट जरूर सांगा. तांब्याच्या खनिजाबरोबर गंधक येतं, आर्सेनिकही येतं. भट्टीच्या उष्णतेने आर्सेनिकची वाफ होते आणि ती सगळीच्या सगळी अडवता येत नाही. क्युबेकच्या नियमानुसार हवेत घनमीटरला वर्षाच्या सरासरीने ३ नॅनोग्रॅमच आर्सेनिक चालतं. धुराड्यांखालच्या नोत्र-दाम वस्तीत ते यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त मोजलं गेलं. कारखान्याला लागून असलेल्या सुमारे २०० कुटुंबांना हलवायचं, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. मी आयुष्यभर हाच धंदा केला, म्हणून स्पष्ट लिहितो: ही तक्रार खरी आहे आणि तिथल्या आयांनी ती लावून धरली, हे योग्यच केलं. खोली घ्यायची असेल तर नातीने त्या वस्तीपासून लांब घ्यावी.

दुमुलाँ दुकानाचं आता संग्रहालय झालं आहे. ते तिला सहज सापडेल. त्यानंतर रुएँच्या बाजूलाच असलेलं सेंट जॉर्जचं छोटं रशियन चर्च बघायला सांगा. त्याचा कांद्यासारखा घुमट दिसला, की ‘फ्रो’ कोण होते हे तिला कुणी वेगळं सांगायला नको.