चार आणि नऊ वर्षांच्या मुलांना, सोबत आजींना घेऊन मे महिन्यात दोन दिवस माथेरानला जायचंय. घोडा आणि पॉइंट सोडून मुलांना तिथे काय करता येईल?

मुलांसाठी माथेरानमधली सगळ्यात मोठी चैन म्हणजे तिथला रस्ता. खासगी गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे सगळा कारभार पायी नाहीतर घोड्यावर. अधूनमधून ई-रिक्षा किंवा रुग्णवाहिका येते, तेवढीच. चार वर्षांच्या मुलाचा हात भर रस्त्यात सोडता येईल अशी गावं आपल्याकडे उरलीत कुठे? मागून टापांचा आवाज आला की कडेला व्हायचं, एवढं पहिल्याच दिवशी शिकवून ठेवा.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पॉइंटांची यादी घरीच ठेवा. दोन दिवसांत सगळे पॉइंट उरकायला गेलात तर मुलांना प्रत्येक ठिकाणी तीच दरी दिसते, आणि तिसऱ्या पॉइंटला धाकटं तुमच्या खांद्यावर असतं. सकाळी एक जागा, संध्याकाळी एक जागा, मधला वेळ झाडाखाली. नऊ वर्षांचं मूल मोकळं सोडलं तर स्वतःच उद्योग शोधतं.

पहिली मजा आगगाडीची. आदमजी पीरभॉय कुटुंबाने हा मार्ग बांधला आणि १९०७ मध्ये तो सुरू झाला. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. थोरल्याला अमन लॉज स्टेशनवर ते पावलांनी मोजू द्या आणि येताना नेरळला मोठ्या गाडीचे रूळ दाखवा. नेरळपासूनचा सगळा प्रवास मिळाला तर छानच, पण त्या गाड्या मोजक्या आणि जागा कमी, मे महिन्यात भरवसा धरू नका. नेरळहून टॅक्सीने दस्तुरीला या आणि तिथून जवळच्या अमन लॉजहून माथेरानची शटल घ्या. आजींची पायपीट वाचते आणि मुलांची गाडीची हौसही भागते. दुसऱ्या दिवशी उतरताना मात्र थोरल्याला घेऊन एकाने चालत यावं. बाजारापासून दस्तुरीपर्यंत साधारण पाऊण तासाची सावलीची वाट आहे. आजी आणि धाकटं शटलने पुढे.

दुसरी मजा मातीची. डोंगराचा खडक काळा, बेसाल्टचा, पण माथ्यावर जांभ्याचा थर आहे. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोह मागे राहिलं, त्याच्या गंजाचा हा लाल रंग. मुलांना हे नुसतं सांगू नका. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवायला द्या आणि ती बाटली खोलीत ठेवा. सकाळपर्यंत जाड कण तळाला, बारीक वर असे थर बसलेले दिसतात. कपडे जुने आणि गडद रंगाचे न्या, पांढऱ्या मोज्यांचा रंग परत येत नाही.

मे महिन्याचा खरा मेवा म्हणजे करवंदं आणि जांभळं. आसपासच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकरी बायका टोपल्या घेऊन वाटेवर बसतात, त्यांच्याकडूनच घ्या. मग आजींना पुढे करा. करवंद अर्धं चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ त्यांना नक्की येत असेल. दोन्ही मुलं तासभर तिथून हलणार नाहीत.

सकाळी लवकर उठवायचं असेल तर पक्ष्यांच्या नावाने उठवा. पाऊस जवळ आला की शीळकरी कस्तूर पहाटे गायला लागतो. एखादा मुलगा रस्त्याने शीळ घालत चाललाय असंच वाटतं, मुलं त्याला उत्तर द्यायला लागतात. दिसला नाही तरी चालेल, ऐकणं पुरेसं आहे.

जागांपैकी मी शार्लोट तलाव निवडेन. झाडीतून जाणारी वाट, शेजारी पिसरनाथाचं देऊळ, आजींना टेकायला सावली. तलावाचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं, त्यामुळे मुलांना पाण्यात उतरू देऊ नका आणि कारणही सांगा, त्यांना ते पटतं. तिथूनच पुढे एको पॉइंट गाठता येतो. तिथे समोरच्या कड्यावरून आवाज परत येतो. ओरडणं आणि प्रतिध्वनी यांच्यामधले सेकंद मोजायचे, त्याला ३४० ने गुणायचं आणि दोनने भागायचं, की कडा साधारण किती मीटरवर आहे ते निघतं. नऊ वर्षांच्या मुलाला हा हिशेब जमतो. धाकट्याला नुसतं स्वतःचं नाव ओरडू द्या.

थोरल्याला गोष्टी आवडत असतील तर रामबागेच्या बाजूलाही जा. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वन ट्री हिलच्या बाजूने हा डोंगर चढले आणि रामबागेकडून उतरले, तिथून इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण सुरू झालं. पण खालच्या वाड्यांतली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरावर वावरत होती, हेही त्याच दमात सांगा. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंटवर प्रबळगडामागे सूर्य जातो. सुट्टीत तिथे गर्दी फार, लहान मुलाला मी नेणार नाही. गेलातच तर परतीच्या वाटेवर अंधार असतो, दोन टॉर्च हव्यात.

कड्यांबद्दल स्पष्ट बोलते. सगळीकडे भक्कम कठडे नाहीत आणि कडेची माती भुसभुशीत असते. पॉइंट आला की धाकट्याचा हात मोठ्या माणसाच्या हातात, फोटो काढतानासुद्धा. फोटोसाठी कठड्यावर बसवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी काळजात चर्र होतं.

माकडं भरपूर आहेत, लालतोंडी माकडंही आणि काळ्या तोंडाचे वानरही. हातात खाऊ किंवा कागदी पिशवी दिसली की ती अंगावर येतात. खाऊ सॅकच्या आत, खोलीच्या खिडक्या बंद, आणि मुलांना त्यांच्याकडे बघून दात दाखवू नका म्हणावं, माकड त्याला धमकी समजतं. त्यांना खायला तर घालूच नका.

घोडा नको म्हणालात, पण धाकटं हट्ट करणारच. बाजारातल्या सपाट रस्त्यावर छोटी फेरी मारा. घोडेवाल्याने लगाम धरून सोबत चालायचं, पळवायचं नाही, हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या.

दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका, मे महिन्यात वरही ऊन लागतं. राहायची जागा बाजाराजवळ बघा, नाहीतर जेवायला जाताना प्रत्येक वेळी आजींना चढ-उतार. सामान दस्तुरीपासून हमालाकडे द्या. रोख पैसे जवळ असू द्या. आणि जमलं तर मंगळवार-बुधवार गाठा, रविवारी दुपारी शटलच्या रांगेत उभं राहून मुलं फार कंटाळतात.