आधी दप्तर झटका, मग दुकानात जा

मे संपत आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा विषय एकच असतो, दप्तर. आंबे, लग्नं, गावाला जाणं सगळं उरकलेलं असतं आणि पंधरा जून डोक्यावर. विदर्भातल्यांना उन्हामुळे आठवडाभर जास्त मिळतो, पण खर्च तेवढाच. यंदा आलेल्यातले पाच प्रश्न घेतलेत. काही पत्रं फार लांब होती, थोडी कात्री लावलीये, राग नसावा.

ताई, मुलगी तिसरीत गेली. आम्ही दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी अप्पा बळवंत चौकात जातो, दोन तास गर्दीत घामाघूम होतो, चार हजार उडवून येतो आणि पहिल्याच आठवड्यात टीचर सांगतात की दुरेघी नको होती, चाररेघी हवी होती. मागच्या वर्षीच्या सहा कोऱ्या वह्या कपाटात पडून आहेत. आमचं चुकतं कुठे? – एक आई, चिंचवड

रविवारी चुकतं, आणि अख्खी यादी एकाच दिवशी संपवायच्या हट्टात चुकतं. माझ्या मामाचं सांगलीत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, सुट्टीत मी काउंटरवर बसायचे, त्यामुळे मी हे दुसऱ्या बाजूने बघितलंय. शाळेच्या आधीचं गिऱ्हाईक घाबरलेलं असतं. मुलाला काही कमी पडू नये म्हणून ते दोन-दोन डझन उचलतं, भाव करायला त्याला वेळ नसतो. आणि जूनच्या शेवटी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात बाईंनी लिहिलेली चिठ्ठी असते, ते मोजून सात वह्या घेतं आणि घरी जातं. मामा म्हणायचा, माझं दुकान पहिल्यावर चालतं, पण शहाणं दुसरं.

तेव्हा पहिल्या दिवसासाठी एवढंच घ्या: दोन एकरेघी वह्या, एक रफ, पेन्सिली, खोडरबर, फुटपट्टी. बाकी चिठ्ठी आल्यावर.

पण त्याच्याही आधी मागच्या वर्षीचं दप्तर जमिनीवर उलटं करा. खरंच करा, मुलीला शेजारी बसवून. अर्ध्या पेन्सिली, झाकण नसलेली तीन स्केचपेनं, कंपासमधला न वापरलेला कोनमापक, आणि कुठला तरी वाळलेला पराठा निघेल. ज्या वह्यांत वीस-पंचवीस कोरी पानं उरलीत ती काढा, एका मापाची एकत्र करा आणि बाइंडरकडून शिवून घ्या, आमच्या पिढीच्या निम्म्या रफ वह्या अशाच होत्या आणि त्यावर कुणी नाक मुरडलं नाही. हल्ली बाइंडर शोधावा लागतो हे खरं, पण झेरॉक्सवाल्याला विचारा, त्याच्या ओळखीत एखादा असतोच, नाहीतर तोच स्पायरल करून देतो. आणि त्या सहा कोऱ्या दुरेघी वह्या शेजारच्या पहिलीतल्या पोराला द्या, कपाटात त्यांना पिल्लं होणार नाहीयेत.

आता वही बघायची कशी. कव्हरवरचा आकडा पृष्ठांचा असतो, म्हणजे २०० लिहिलंय तर कागद १०० च. दोन दुकानांत भाव विचारताना १७२ ची आणि २०० ची वही शेजारी ठेवून "इथे स्वस्त मिळाली" म्हणणारे खूप बघितलेत. कागद किती दाट ते जीएसएममध्ये (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) छापलेलं असतं, पण चष्मा शोधत बसू नका, खिशातलं जेल पेन काढून दुकानातल्या नमुन्याच्या वहीवर दोन शब्द लिहा आणि पान उलटा. मागे शाई उमटली तर त्या वहीची निम्मी पानं वायाच जाणार, कारण बाई मागच्या बाजूला लिहू देणार नाहीत.

छापील किमतीवर "तीस टक्के सूट" ऐकून हुरळू नका. वह्यांची छापील किंमत बऱ्याचदा सूट देता यावी म्हणूनच चढी असते, त्यामुळे सूट किती ते विचारू नका, डझनाचा निव्वळ भाव विचारा. आणि एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, खडूचे रंग, नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झालाय, कंपासपेटीवरचा बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. तेव्हा कोणी वह्यांच्या बिलात वरून टॅक्स लावला तर तिथेच थांबवा. डझन जास्त होत असेल तर बिल्डिंगमधल्या दोघी-तिघींनी मिळून रविवार पेठेत होलसेलवाल्याकडे जा, मात्र बुधवार-गुरुवारी दुपारी, रविवारी नाही.

आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने एका दुकानाचं नाव दिलंय. पुस्तकं, वह्या, कव्हर, लेबल सगळा सेट एकत्र, सुटं देत नाहीत, वह्यांवर शाळेचं नाव छापलेलं. बाहेर तेच निम्म्यात मिळतं. बोललो तर मुलाला त्रास होईल का अशी बायकोला भीती. – एक बाबा, नागपूर

तुमच्या मिसेसची भीती मला कळते, त्यामुळे आधी कायद्याचं आणि मग व्यवहाराचं सांगते. अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करायची नाही, हे शिक्षण विभाग वर्षानुवर्षं सांगत आलाय. महाराष्ट्रात शाळांच्या फीबद्दलचा २०११ चा जो कायदा आहे त्यात प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असलाच पाहिजे, तुम्ही पालक म्हणून आपोआप त्याचे सभासद असता, आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. आपल्याकडे होतं काय की ती सभा एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी असते, आपण जात नाही, आणि नंतर व्हॉट्सअप ग्रुपवर वर्षभर चिडचिड करतो. (मीही केलीये, म्हणून सांगते.)

एकट्याने प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊ नका. वर्गातले पाच-सहा पालक गोळा करा आणि संघाच्या नावाने साधा अर्ज द्या, भांडणाची भाषा नको, एवढंच मागा की पुस्तकांची नावं आणि प्रकाशक यांची यादी लेखी द्यावी आणि वह्या बाहेरून घ्यायला हरकत नाही असं कळवावं. पाच-सहा जणांची सही असली की एकट्या मुलावर कुणाचा रोख राहत नाही. उत्तर नाहीच आलं तर तोच अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे, पोच घेऊन. आणि यंदा सेट घ्यावाच लागला तर पक्कं बिल घ्या, वस्तूवार. बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो तेही बघण्यासारखं असतं.

पुस्तकांचं म्हणाल तर शाळा बालभारतीची पुस्तकं वापरत असेल तर ती कुठल्याही दुकानात छापील किमतीलाच मिळतात, आणि बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत, पुस्तक मिळेपर्यंत तेवढ्यावर भागतं. जुनी पुस्तकं घेताना मात्र सांभाळा. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतोय, २०२५ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली, त्यामुळे पुस्तक कुठल्या वर्षीचं ते बघूनच पैसे द्या. शिवाय २०२३ पासून दोन वर्षं दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत, मध्ये "माझी नोंद"ची कोरी पानं घालून आली होती, ती पद्धत नंतर बंद केली. तसले भाग कुणी स्वस्तात देऊ केले तर ते आपल्या वर्गाला चालतात का हे शाळेत विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाचवीतल्या मुलाला चाकांचं दप्तर हवंय, "सगळ्यांकडे आहे" म्हणतो. सासूबाई म्हणतात दे घेऊन, पाठीला त्रास नाही. काय करू? – डोंबिवलीहून एक वाचक

"सगळ्यांकडे" म्हणजे दोघांकडे असतं, हा माझा अनुभव. सासूबाईंची काळजी मात्र योग्य जागी आहे, फक्त उपाय वेगळा. तुमच्या शाळेत पाचवी कितव्या मजल्यावर? जूनमध्ये स्टेशनपासून शाळेपर्यंत रस्ता कसा असतो? चाकाचं दप्तर मुळात जड, जिन्यात ते हातातच उचलावं लागतं, आणि चिखलातून ओढून आणलेली चाकं घरभर फिरतात ती वेगळीच गंमत.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको, हे २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात आहे, तिसरी ते पाचवीसाठी त्यात १.७ ते २.५ किलो असा आकडा दिलाय. महाराष्ट्रात तर २०१५ पासूनच शासनाने दहा टक्क्यांचं सांगितलंय. आज रात्री भरलेलं दप्तर काट्यावर ठेवा, नसेल तर तुम्ही आधी एकट्या उभ्या राहा, मग दप्तर घेऊन, वजाबाकी करा. (स्वतःचा आकडा विसरून जायचा.) मग आतलं एकेक काढा. माझ्या भाच्याच्या दप्तरात सगळ्यात जड काय निघालं? पाणी. एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो झालाच की, वर स्टीलची असली तर तिचं वजन आणखी. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल तर अर्धी बाटली भरून द्या, मधल्या सुट्टीत भरून घेईल. त्यानंतर टाइमटेबलप्रमाणे दप्तर भरणं, पण ते त्याने स्वतः, तुम्ही नाही.

नवं दप्तर घेताना कार्टून कुठलं ते त्याला ठरवू दे, बाकी तुम्ही बघा. पट्टा जिथे दप्तराला शिवलाय तिथे जोर लावून ओढा, शिवण दुहेरी आहे का बघा, चेन दहा वेळा उघडझाक करा, दुकानदार काही म्हणणार नाही. पट्टे रुंद आणि मऊ हवेत, आणि पाठीवर घेतल्यावर दप्तर कमरेच्या खाली लोंबता कामा नये. मागचं दप्तर धड असेल तर चेन बदलून घ्या, चांभार करून देतो, नव्या दप्तराच्या मानाने किरकोळ खर्च.

आम्ही रत्नागिरीत. दरवर्षी रेनकोट की छत्री, आणि चामड्याचे बूट पहिल्याच आठवड्यात सडतात. – दुसरीतल्या जुळ्यांची आई

दुसरीतल्या पोराच्या हातात छत्री म्हणजे तलवार, आणि तुमच्याकडे तर दोन. रेनकोटच घ्या, आणि घेताना मुलांना पाठीवर दप्तर अडकवूनच दुकानात न्या, कारण दप्तरासकट बटणं लागली तरच त्याचा उपयोग, नाहीतर पोरगं कोरडं आणि वह्या ओल्या. बूट आत्ता घेऊच नका. पावसाळाभर सँडल चालतील का हे बाईंना विचारा, कोकणात सहसा नाही म्हणत नाहीत, आणि बूट गणपतीनंतर घ्या, तोवर पायही वाढलेला असतो. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत बांधून दप्तरात कायमचा.

मी निवृत्त आहे, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत बावीस मुलं आहेत. दहाएक हजारांत त्यांना काहीतरी द्यावं म्हणतो. गणवेश देऊ की पुस्तकं? – एक आजोबा

काका, दोन्ही नको. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी शाळेत मोफतच मिळतात, आणि गणवेशासाठी एका जोडाला ३०० रुपये या हिशोबाने दोन जोडांचे पैसे येतात, मधल्या एका वर्षी सगळ्या राज्याला एकच गणवेश द्यायचा घाट घातला होता तो गुंडाळून आता ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलंय. सरकारकडून जे येत नाही ते द्या. वह्या, रंगपेट्या, पट्ट्या, शार्पनर. माणशी साडेचारशे पडतात, त्यात होलसेल भावाने डझनभर वह्या आणि वरचं सामान आरामात बसेल.

पण आधी मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. कुठल्या वर्गाला कसल्या रेघांच्या वह्या लागतात ते विचारा, आणि मागच्या वर्षी कुणी काय दिलंय तेही. नाहीतर एका शाळेत एकाच जूनमध्ये तीन दात्यांनी पाण्याच्या बाटल्या वाटलेल्या मी ऐकल्यात आणि पोरं लिहीत होती मागच्या वर्षीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर. शक्य असेल तर सगळं जूनमध्ये देऊ नका, निम्म्या वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर द्या. वह्या संपतात तेव्हा, आणि तेव्हा कुणी येत नाही. वाटपाचे फोटो काढायचे का ते तुम्ही ठरवा, मला विचाराल तर मोबाइल खिशातच ठेवा आणि त्या वेळात मुलांबरोबर बसून चार वह्यांना खाकी कव्हर घाला, पोरांना तुमच्या हातची ती कोपरा दुमडायची पद्धत येत नसणार.

जाता जाता, कल्याणच्या एका वाचकबाईंनी एका ओळीत विचारलंय, बाटलीवर आणि डब्यावर नाव कशाने टाकू, मार्कर पुसला जातो. नेलपॉलिशने टाका, रात्रभर वाळू द्या, आणि आडनावासकट टाका, नुसतं आरव लिहून उपयोग नाही, वर्गात चार असतील.