आयनांबर आणि उष्मांबर: एकाच थराची दोन नावं?

प्रश्न असा आला आहे: "शाळेत मध्यांबराच्या वर आयनांबर असं शिकलो. आता तिथेच उष्मांबर लिहिलेलं दिसतं. मग हे समानार्थी शब्द का? आणि 'अयनांबर' चालेल का?"

समानार्थी नाहीत. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, उष्मांबर ही वातावरणाच्या थरांची वाटणी उंचीबरोबर तापमान कसं बदलतं त्यावरून केलेली आहे. आयनांबर ठरतं ते विद्युतभारित कणांवरून, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले 'आयन' आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन यांवरून. ते साधारण ६० किमीवर सुरू होतं, तर मध्यांबर ८५ किमीच्या आसपास संपतं. म्हणजे आयनांबराचा तळ चक्क मध्यांबरात आहे! पाठ्यपुस्तकातली थरांची चळत इथे दिशाभूल करते.

या तळाला डी थर म्हणतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकणारे बहुतेक अतिनील किरण वरच्या वर शोषले जातात. सूर्यावरच्या हायड्रोजनचे १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचे लायमन-आल्फा किरण मात्र खाली उतरतात. या दोन मुख्य वायूंसाठी त्यांची ऊर्जा तोकडी पडते, पण नायट्रिक ऑक्साइडला पुरते. म्हणून हवेत नावापुरत्या असलेल्या या वायूवरच डी थराची बरीचशी भिस्त आहे. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ नाहीसा होतो. दिवसा तो मीडियम वेव्ह रेडिओच्या लहरी गिळतो; रात्री त्या वरच्या थरांवरून परततात आणि लांबची केंद्रं ऐकू येतात.

'आयनांबर' म्हणजे नुसते आयनच, असंही समजू नये. ३०० किमीवर भरदुपारीदेखील हजार कणांमागे एखादाच आयन सापडतो. बाकी सगळे विद्युतभाररहित.

आता 'अयनांबर'. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने १८३४ मध्ये 'जाणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'आयन' रूढ केला. आयनांबराचं इंग्रजी नाव १९२६ मध्ये रेडिओ-संशोधक वॉटसन-वॉट यांनी सुचवलं. उत्तरायणातलं 'अयन' संस्कृत 'इ' म्हणजे जाणे या धातूचं. ग्रीक आणि संस्कृत धातू एकाच कुळातले, त्यामुळे मोह होणं स्वाभाविक आहे. पण मराठीत हा शब्द इंग्रजीतून आला, म्हणून 'आ' दीर्घच. रेडिओ लहरींबद्दल लिहिताना आयनांबर म्हणावं, तापमानाबद्दल लिहिताना उष्मांबर.