ड्रम फिरतो, पंखा चालतो, पण हवा गार : कपड्यांच्या ड्रायरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडे पाच किलोचा, पाइपातून हवा बाहेर सोडणारा ड्रायर आहे. चार वर्षं उत्तम चालला. आता ड्रम फिरतो, पण दीड तासानंतरही कपडे गार आणि ओलसर. मेकॅनिक म्हणतो, ‘थर्मल फ्यूज उडालाय, डायरेक्ट करून देतो.’ करून घ्यावं का? यूट्यूबवर घरच्या विजेच्या पेटीतले दोन ब्रेकर बघायला सांगतात, आमच्या पेटीत ड्रायरसाठी एकच आहे.
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : डायरेक्ट अजिबात करून घेऊ नका. हीटरपाशी उष्णता हद्दीबाहेर गेली की हा फ्यूज स्वतः तुटतो आणि हीटरची वीज तोडतो. तो काढून तार जोडली की ड्रायर लगेच गरम होईल आणि सगळ्यांना बरं वाटेल. पण मग कोरड्या तंतूंनी भरलेल्या पेटीत तापलेली कॉइल उरते आणि तिला थांबवणारं शेवटचं साधन गेलेलं असतं. अशानं ड्रायरला आग लागू शकते.

व्हिडिओतला ब्रेकरचा भाग सोडून द्या. अमेरिकेत ड्रायरला 120 व्होल्टच्या दोन तारांमधून मिळून 240 व्होल्ट मिळतात. एक तार गेली तर मोटर उरलेल्या 120 वर फिरत राहू शकते, हीटर मात्र थंड पडतो. आपल्याकडे एकच फेज, 230 व्होल्ट. ती गेली तर ड्रमही फिरणार नाही.

आता खरं कारण शोधू. फ्यूज उडाला असेल तर तो उडण्याचं कारण बहुतेक वेळा हवेच्या वाटेत असतं. पंखा हवा ओढतो, ती हीटरवरून, मग कपड्यांतून आणि शेवटी पाइपातून बाहेर जाते. वाट तुंबली की उष्णता हीटरपाशीच साठते. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी कपड्यांचे तंतू अडवणारी जाळी काढा आणि नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं तर जाळीवर सॉफ्टनरचा चिकट थर बसला आहे. डोळ्यांना ती स्वच्छ दिसते, पण हवा अडते. कोमट पाणी, थोडं डिटर्जंट आणि जुना मऊ ब्रश एवढ्यानं ती मोकळी होते. पूर्ण वाळवूनच परत बसवा.

मग पाइप. चांदीसारखा चुरगळणारा पाइप यंत्र भिंतीला सरकवताना चेपतो आणि मागे असल्यामुळे कुणाला दिसत नाही. बाहेरचं तोंडही बघा. बडोद्यात कबुतरांच्या भीतीनं तिथे बारीक जाळी ठोकतात. दोन-तीन महिन्यांत तिच्यावर तंतूंचं नमद्यासारखं जाड कापड बसतं. जाळीऐवजी हवेनं उघडणारी झडप लावा. पाइप 100 मिलिमीटरचा, शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा.

एवढं झालं की पाइप मागून काढा, घड्याळी (ठरावीक वेळ चालणारा) प्रोग्रॅम जास्त उष्णतेवर लावा आणि यंत्र दहा मिनिटं रिकामं चालवा. मागून जोरात गरम हवा आली तर दोष पाइपातच होता. हवा जोरात पण गार असेल तर पुढे चला. गार हवेचा प्रोग्रॅम लागलेला नाही ना, हेही एकदा बघा. शेवटची काही मिनिटं तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये गारच असतात.

उघडायचं तर प्लग सॉकेटातून काढूनच, नुसतं बटण बंद करून नाही. यंत्र अर्धा तास निवू द्या, कारण गरम असताना चांगला थर्मोस्टॅटही (तापमानानुसार वीज चालू-बंद करणारा स्विच) उघडलेला, म्हणजे वीज तोडलेला असतो आणि तो बिघडलाय असं वाटतं. मल्टीमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) 200 ओहमवर ठेवा. ज्या भागाची तपासणी करायची त्याची एक तार आधी काढा, नाहीतर दुसऱ्या वाटेनं आकडा येऊन फसगत होते.

थर्मल फ्यूज शून्याच्या जवळ दाखवायला हवा. काहीच दाखवत नसेल तर तो गेला. थर्मोस्टॅटही गार असताना शून्याजवळ हवेत. काही यंत्रांत एका थर्मोस्टॅटवर छोटं बटण असतं, ते दाबून पुन्हा चालू करता येतं. हीटरचा आकडा त्याच्या वॉटवर ठरतो: 2000 वॉटला सुमारे 26 ओहम, 1000 ला सुमारे 53. दोन कॉइल असतील तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एकच गेली असेल तर ड्रायर गरम होतो, पण अर्धाच. हीटरचं टोक आणि लोखंडी अंग यांच्यात मात्र कोणताही आकडा येता कामा नये. आला तर हीटर बदलावाच लागेल.

सगळं बरोबर आलं तर टर्मिनल नीट बघा. 2000 वॉटला जवळजवळ 9 अँपिअर वीज वाहते. सैल क्लिप त्यानं तापते, काळी पडते आणि एक दिवस संपर्क सुटतो. क्लिप नवी, उष्णता सोसणारी घाला, जळकी चिमट्यानं दाबून पुन्हा वापरू नका. त्यानंतर उरतो सर्किट बोर्डावरचा रिले, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच. त्याची तपासणी चालू विजेवर करावी लागते, ती जाणकारावरच सोपवा.

फ्यूज बदलताना त्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर अगदी तेच घ्या. जवळपासचं चालणार नाही. प्लग 16 अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटात हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. व्होल्टेज 180 ला उतरलं तर 2000 वॉटचा हीटर जेमतेम 1225 वॉट देतो. ‘गरम होतो पण वाळत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी हेच असतं.

प्रश्न : आमच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमधून गरम हवा येतच नाही. हीटर गेला का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : त्यात हीटर नसतोच. तो टब कपडे वेगानं फिरवून पाणी काढतो, म्हणून आपण त्याला ड्रायर म्हणतो. कपडे दमट निघणं स्वाभाविक आहे, दोरीवर घालावेच लागतील. पाणी निथळत असेल तर मात्र निचऱ्याची नळी आणि टबातलं वजन बघा.

प्रश्न : विश्वामित्रीच्या पुरात, ऑगस्ट 2024 मध्ये, तळमजल्यावरचा ड्रायर अर्ध्यापर्यंत बुडाला होता. तसाच पडून आहे. वाळला असेल, लावून बघू का?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : लावून बघू नका. पाणी वाळलं तरी गाळ आत राहतो. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि वीज यंत्राच्या अंगावर येऊ शकते. आधी मागचं झाकण उघडून गाळ ब्रशनं आणि स्वच्छ पाण्यानं काढायचा, सर्किट बोर्ड वेगळा काढून. मग भाग दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायचे. नंतर मेकॅनिककडून 500 व्होल्टच्या मेगरनं (वीज गळते का हे मोजणारं यंत्र) मोटर आणि हीटर यांची वीज लोखंडी अंगात उतरत नाही ना, हे तपासून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी आला तर तो भाग वापरायचा नाही. मोटरच्या बेअरिंगमध्ये गाळ गेला असेल तर ड्रम हातानं फिरवताना खरखर ऐकू येते. बेअरिंगं बदलता येतात, पण बोर्डही गेला असेल तर दोन्हींचा खर्च आधी विचारून घ्या आणि मगच काम द्या. पुन्हा ठेवताना विटांचा ओटा करून सॉकेट कमरेच्या वर घ्या, आणि त्या सॉकेटच्या वाटेवर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.