आई दहावीच शिकलेली असेल तर दोन वर्षांच्या मुलाला शब्द कमी येतात का?

सरासरीत फरक दिसतो, पण तो मार्कशीटमुळे नव्हे, आई मुलाशी किती आणि कसं बोलते त्यामुळे. एरिका हॉफ यांच्या २००३ च्या अमेरिकी अभ्यासात पदवीधर आणि शाळेपुरत्या शिकलेल्या आयांच्या दोन वर्षांच्या मुलांमधली तफावत आयांच्या बोलण्यातूनच उलगडली. त्यात वाक्यांची लांबीही आली. म्हणून ‘हे घे’, ‘गप बस’वर थांबू नका. मेथी निवडताना ‘पानं खुडू, जाड देठ टाकू’ म्हणा. मूल ‘बस’ म्हणालं तर ‘हो, लाल बस स्टॉपवर थांबली’ असं वाढवून द्या, मग त्याच्या उत्तरासाठी थांबा. चालू टीव्ही यात धरू नका! मात्र दोन वर्षं पूर्ण होऊनही पन्नास शब्द नसतील किंवा ‘पाणी दे’सारखी जोडी जमत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. घरी मराठी, चाळीत हिंदी असेल तर दोन्हींचे शब्द एकत्र मोजा.