वस्तीतले लोक कॉलेजवर विश्वास का ठेवत नाहीत, आणि तो कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॉलेजला शेजारच्या वस्तीसोबत पाणी, कचरा, घरं अशा प्रश्नांवर काही नवं करून बघायचंय, विद्यार्थी उत्साहात आहेत, पण लोक दारातूनच परत पाठवतात. एका सेमिस्टरमध्ये त्यांचा विश्वास कसा मिळवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवतो आणि बरीच वर्षं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम पाहिलंय, म्हणून उत्तर देतो.

लोक परत पाठवतात कारण त्यांनी आपल्याला आधी पाहिलेलं असतं. पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत आम्ही सर्व्हेचे फॉर्म घेऊन गेलो होतो. नळावर कळशी भरणाऱ्या एका मावशींनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "पोरी, मागल्या वर्षी पण पोरं आली होती, हेच सगळं लिहून नेलं. त्याचं पुढं काय झालं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर देता आलं नाही.

कॉलेजात येऊन शोधाशोध केली तर तीन वर्षांचे तीन अहवाल निघाले. घरटी माणसं, नळाची वेळ, उत्पन्न, संडास, सगळं त्यात होतं. सह्या झाल्या होत्या, मार्क पडले होते. वस्तीत मात्र त्यातला एक कागदही पोचला नव्हता.

त्या सेमिस्टरला आम्ही नवा सर्व्हे केलाच नाही. रविवारी संध्याकाळी गणपती मंडळाच्या शेडमध्ये बसून जुने अहवाल मोठ्याने वाचून दाखवले. थोड्याच वेळात लोक चुका काढायला लागले. अहवालात लिहिलेलं 'पाणीपुरवठा नियमित'. प्रत्यक्षात वरच्या आळीला पाणी पहाटे यायचं, तेही खालच्यांनी मोटर लावली नसेल तरच. उत्पन्नाचे आकडे जवळपास सगळेच खोटे होते, आणि ते का खोटे सांगितले हेही लोकांनी त्या दिवशी उघड सांगितलं. कुणाला रेशनकार्ड जाईल अशी भीती होती. कुणाला वाटलं होतं की हा झोपडपट्टी पुनर्वसनाचाच सर्व्हे आहे. पुण्यातल्या वस्तीत हातात कागद घेऊन कुणी शिरलं की पहिला विचार घर राहणार की जाणार हाच येतो. तुमच्या विद्यार्थ्यांना दारात उभं करण्याआधी हे समजावून सांगा.

विद्यार्थ्यांच्या मनात पाण्याच्या वेळा कळवणारं अ‍ॅप करायचं होतं. बायकांनी विषय घरांच्या छपराच्या पत्र्यावर नेला. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात बसवत नाही, आणि ब्लाउज शिवणाऱ्या, हार ओवणाऱ्या बायकांचं काम तर दुपारीच असतं. मग पत्रे कमी तापावेत म्हणून आम्ही तीन घरांच्या पत्र्यांना चुना मारला. महिन्याभरात त्याचे पापुद्रे सुटले. त्याच गल्लीत राहणारे एक रंगारी काका हे सगळं लांबून बघत होते. एक दिवस तेच म्हणाले, "सर, तापलेल्या पत्र्यावर चुना धरत नाही. उन्हं यायच्या आत मारायचा. आधी गंज घासून काढा, खिळ्यांच्या भोकांना एम-सील लावा, आणि चुन्यात फेव्हिकॉल घाला." पुढच्या वर्षी होळी झाल्यावर त्यांच्या पद्धतीने दोन हात मारले. तो चुना पावसापर्यंत टिकला. दुपारी दोनला आतून पत्र्याखाली हात धरला तरी शेजारच्या घरातला फरक कळत होता. आमच्या प्रयोगशाळेत पत्रा होता, तापमापक होता, पण पत्र्यावर चढून तीस वर्षं रंग दिलेला माणूस नव्हता.

इथेच आमच्या हातून सगळं बिघडायची वेळ आली होती. काकांना रोजंदारी द्यायचं ठरलं होतं. कॉलेजच्या अकाउंट्स विभागाने तीन कोटेशनं आणि जीएसटी नंबर असलेलं बिल मागितलं. काकांकडे यातलं काय असणार? पैसे मिळायला पाच महिने लागले. काका भांडले नाहीत, फक्त बोलायचे बंद झाले, आणि एका गल्लीत हे पसरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. विश्वासावर भाषणं पुष्कळ होतात, पण माझ्या अनुभवात तो सगळ्यात जास्त वेळा अकाउंट्सच्या खिडकीत तुटतो. त्यानंतर प्राचार्यांना भेटून व्हाउचरवर रोख देता येईल अशी छोटी तरतूद करून घेतली. तुम्ही वस्तीत पाऊल टाकायच्या आधीच ही करून घ्या.

हे काही नवं नाही. पुण्यातच याचं मोठं उदाहरण आहे. 1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायका-मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याच्या कामातून या क्षेत्रात आल्या. त्या बायकांबरोबर कचऱ्यापर्यंत गेल्यावर प्रश्न निराळेच दिसायला लागले. कचरा घरातच वेगळा झाला, तो उकिरड्याऐवजी थेट दारातून मिळाला, तर हात घाण होत नाहीत आणि मालालाही भाव येतो. पण सोसायटीत शिरायला ओळखपत्र लागतं. 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. 1996 मध्ये पुणे महापालिकेने या कामगारांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलू लागली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत तुमच्याही सोसायटीत असेल, तीही या बायकांच्या हातांची काळजी म्हणून आली. सुरुवात साक्षरतेच्या वर्गापासून झाली होती. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न समोर आल्यावर विद्यापीठातली माणसं परत फिरली नाहीत, आणि अठरा वर्षांनीही ती तिथेच होती. मला यातलं हेच सर्वात मोठं वाटतं.

धनंजयराव गाडगीळही असेच. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, पण प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा त्याचं पहिलं अध्यक्षपद त्यांनी घेतलं. 1950 मध्ये कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे घातले होते. प्राध्यापकाने सल्ला देऊन पुण्याला निघून जाण्याऐवजी जबाबदारीवर सही केली होती. शिरूर तालुक्यातलं पाबळही जमलं तर बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून तिथे राहायला गेले आणि 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाला लागणारी कामं करता करता शिकतात.

एक शब्द मला फार खटकतो, तो सांगतो. केंद्र सरकारच्या 2014 च्या उन्नत भारत अभियानापासून कॉलेजं गावं 'दत्तक' घेतात. आपल्या कितीतरी आधीपासून तिथे नांदणाऱ्या मोठ्या माणसांना आपण दत्तक कसं घेणार? हा शब्द तरी तुमच्या फलकावर नको. खरं तर पहिल्या वर्षी फलकच नको, आणि फोटोही नकोत.

विद्यार्थी दरवर्षी बदलणार, त्याला इलाज नाही. म्हणून किमान एक शिक्षक तीन वर्षं तोच ठेवा. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला स्वतः सोबत नेऊन घरोघरी ओळख करून द्यावी, परीक्षेच्या आठवड्यात कुणी येणार नाही हेही आधी सांगावं. न सांगता नाहीसं होणं लोकांना लागतं.

एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखं एवढंच आहे. तुमच्या कॉलेजात त्या वस्तीवरचे जुने अहवाल असतील ते शोधा, तिथे बसून वाचून दाखवा, लोक सांगतील त्या चुका त्यांच्यासमोर दुरुस्त करा आणि दुरुस्त प्रत वस्तीत कुणाकडे तरी ठेवा. आमची प्रत रंगारी काकांकडे असते, देवघराच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मध्यंतरी दुसऱ्या एका कॉलेजची मुलं फॉर्म घेऊन आली, तेव्हा काकांनी पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हे आधी वाचा. यात नाही ते विचारा."