आधुनिक आफ्रिकन कवितेतले विषय आणि काव्यालंकार कसे अभ्यासावेत?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या पेपरला आफ्रिकन कविता आहेत, नोट्समध्ये एकीकडे 'थीम्स' आणि दुसरीकडे 'डिव्हायसेस' अशा याद्या आहेत, आणि दोन्ही पाठ करूनही कविता हाती लागत नाही. मी हा पेपर दिला तेव्हा माझंही तसंच चाललं होतं. गाडी रुळावर आली ती 'आबिकू' याच नावाच्या दोन कवितांमुळे. एक वोले सोयिंकांची, दुसरी जे. पी. क्लार्क यांची. दोघेही नायजेरियाचे, कविता १९६०च्या दशकातल्या.

आबिकू म्हणजे योरुबा लोकांच्या समजुतीप्रमाणे लहानपणीच जाणारं आणि त्याच आईच्या पोटी पुन्हा पुन्हा येणारं मूल. हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. त्यांच्या आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून त्यांचं नाव ठेवलं धोंडू. दगडू, केरू ही नावं आपल्याकडे अशीच पडली. पोराला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जात नाही. योरुबा आईबाप आबिकूचं नाव ठेवतात मालोमो, म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. आपण मृत्यूला चकवतो, ते थेट मुलाची मनधरणी करतात.

क्लार्क यांची कविता ही तीच मनधरणी आहे. सुरुवातीला घरातलं माणूस चिडून बोलतं: घर पुरत नसेल तर राहा बाहेरच, त्या बाओबाबच्या झाडावर. मग कबुली येते. छप्पर गळतं, रात्री वटवाघळं आणि घुबडं वळचणीतून आत घुसतात, हरमॅटनचे कोरडे वारे सुटले की बांबूच्या भिंती पेट घ्यायला टेकतात. आणि मग आवाज उतरतो: आत ये, आत ये आणि राहा, तिचं शरीर थकलंय, थकलंय, दूध आंबायला लागलंय. 'थकलंय' हा शब्द ओळीच्या शेवटी येतो आणि लगेच पुढच्या ओळीच्या तोंडाशी पुन्हा. मोठ्याने वाचा, तुमचाच श्वास तिथे अडखळेल. परीक्षेत याला पुनरुक्ती म्हणा आणि मुलाला उद्देशून बोलण्याला अपॉस्ट्रॉफी, पण ही नावं यानंतर येऊ देत. मुलाच्या अंगावरच्या जुन्या वणांना तलवार माशाच्या चोचीची उपमा आहे. क्लार्क नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातले. काठ ओलांडणारं पाणी आणि चुलीवर सुकणारी मासळी याच कवितेत आहे, उपमाही तिथलीच.

सोयिंकांच्या कवितेत बोलतं ते मूल. तुमच्या बांगड्यांची मंतरलेली रिंगणं फुकट आहेत, असं ते सुरुवातीलाच सुनावतं. शेळ्या, कवड्या, पामतेल यांसाठी मी का रडू, असं विचारतं. क्लार्क यांची कविता कडवी न पाडता एका दमात वाहते, कारण विनवणीला थांबायला सवड नसते. सोयिंकांची चार चार ओळींची कडवी ताठ आणि थंड आहेत. विषय एकच, पण बोलणारा बदलला आणि मायेच्या जागी माणसाच्या उपायांची हतबलता उभी राहिली. म्हणून कुठलीही कविता घेतली की मी आधी एवढंच विचारतो: कोण बोलतंय, आणि कोणाशी?

आणखी एक. नोट्समध्ये प्रत्येक कवितेवर 'वसाहतवाद' असा शिक्का मारलेला असतो, त्याची मला खरंच चीड येते. या दोन्ही कवितांत गोरा माणूस औषधालाही नाही. वर्णभेद बघायचा तर सोयिंकांचीच 'टेलिफोन कॉन्व्हर्सेशन' घ्या. इंग्लंडमधली घरमालकीण भाडेकरूला फोनवर विचारते, तुम्ही किती काळे? तिचे ते प्रश्न कॅपिटल अक्षरांत छापलेत. फक्त अक्षरांच्या उंचीवरून तिचा आवाज ऐकू येतो.

मग युगांडाचे ओकोट प'बिटेक वाचा, १९६६चं 'साँग ऑफ लाविनो'. ते मुळात अचोली भाषेत रचलेलं. गोऱ्यांच्या रीतींवर भाळून आपल्या चालीरीतींना नावं ठेवणाऱ्या नवऱ्याला लाविनो अचोली म्हणीतून बजावते: जुन्या घराच्या अंगणातला भोपळ्याचा वेल उपटू नये. तिथल्या माणसांसाठी त्या वेलाचं मोल काय, ते आधी शोधा. 'प्रतीक' हा शब्द त्यानंतर वहीत लिहा.